नाटक-सिनेमाच्या दुव्यांचे मराठी संकेतस्थळ: आखणीपासून पहिल्या वर्षापर्यंत

नाटक, चित्रपट, वेबमालिका आणि संगीत या विषयांवर मराठीत रोज बरेच काही प्रसिद्ध होत असते. रविवार पुरवण्यांतील लेख, कलाकारांच्या तास-दीड तासाच्या मुलाखती, एकांकिका स्पर्धांचे निकाल, यूट्यूबवरील परीक्षणे असा हा ऐवज व्हॉट्सॲपच्या गटांतून फिरतो आणि दोन दिवसांत वाहून जातो; महिन्याभराने तीच मुलाखत पुन्हा हवी असली, तर ती कोणी पाठवली होती हेही आठवत नाही. सदस्यांनी असे दुवे आणून द्यावेत, इतरांनी मते देऊन त्यांची क्रमवारी ठरवावी आणि प्रत्येक दुव्याखाली चर्चा व्हावी, अशी सोय असलेले संकेतस्थळ दोन-तीन जणांना मिळून उभे करता येते. ते कसे करावे, याची ही सविस्तर कृती आहे.

अशा संकेतस्थळाला सुरुवातीच्या काळात सर्वांत मोठा धोका गर्दीचा किंवा भांडणांचा नसतो, तर ओस पडण्याचा असतो. पहिल्या पानावर चार दिवसांपूर्वीचे तीन दुवे आणि त्यांखाली ‘० प्रतिसाद’ एवढेच दिसले, की आलेला वाचक पुन्हा फिरकत नाही. म्हणून विभाग किती करावेत, क्रमवारीचे सूत्र कोणते घ्यावे आणि दारे कधी उघडावीत, या साऱ्यांची उत्तरे ‘स्थळ भरलेले दिसेल का’ या एकाच कसोटीवर तपासावीत.

पहिले पाऊल: विषयाची वेस

‘मनोरंजन’ एवढा मोठा विषय घेऊ नये. हिंदी चित्रपट, क्रिकेट आणि दूरचित्रवाणीवरील मालिका यांवर चर्चा करायला लोकांकडे शंभर जागा आहेत आणि तिथे आपला निभाव लागणार नाही. मराठी रंगभूमी, मराठी चित्रपट व वेबमालिका, आणि या दोहोंशी जोडलेले संगीत अशी वेस आखली, तर रोज आठ-दहा चांगले दुवे मिळतात आणि आपले संकेतस्थळ कशासाठी आहे हे एका वाक्यात सांगता येते. परभाषेतील कलाकृतीवरचा लेख मराठीत असेल तर घ्यावा की नाही, हे आधीच ठरवून लिहून ठेवावे. माझे मत घ्यावा असे आहे.

विभाग मात्र करू नयेत. नाटक, चित्रपट, संगीत, लघुपट, अवांतर अशी पाच दालने पहिल्याच दिवशी उघडली, तर आठ दुवे पाच ठिकाणी विखुरतात आणि प्रत्येक दालन रिकामे दिसते. रेडिट हे सदस्यांनी दिलेल्या दुव्यांचे इंग्रजी संकेतस्थळ २००५ साली सुरू झाले, तरी सदस्यांना स्वतःची दालने उघडण्याची मुभा तिथे २००८ मध्ये मिळाली. त्यापूर्वी मुख्य यादीवर पुरेशी वर्दळ जमली होती. आपल्याकडेही एकच यादी ठेवावी आणि प्रत्येक दुव्याला दोन-तीन खुणा (विषय सांगणारे टॅग) लावाव्यात, म्हणजे पुढे एखादा विषय फुगला की त्याचे दालन वेगळे काढता येते.

दुसरे पाऊल: प्रणाली

स्वतः सगळे लिहिण्याचा मोह टाळावा. मुक्तस्रोत, म्हणजे कोणालाही घेऊन बदलता येतील अशा प्रणाली तयार आहेत आणि निवड त्यांतूनच करावी. २०१२ पासून चालू असलेल्या लॉब्स्टर्स या संकेतस्थळाची प्रणाली दुवा, खुणा, मते आणि प्रतिसाद या चारच गोष्टींसाठी बेतलेली आहे. शिवाय कोणत्या सदस्याने कोणाला निमंत्रण दिले याची उघड वंशावळ त्यात राहते, जिचा उपयोग पुढे येईल. २०१९ पासूनची लेमी ही प्रणाली इतर ठिकाणच्या लेमी केंद्रांशी आपोआप जोडली जाऊ शकते, पण ती जोडणी सुरुवातीला बंद ठेवलेली बरी, कारण बाहेरून येणारा इंग्रजी मजकूर आपल्या यादीला झाकून टाकतो. डिस्कोर्स ही प्रणाली चर्चेसाठी उत्तम आहे. मात्र मतांनुसार दुव्यांची क्रमवारी लावणे हा त्याचा मूळ पिंड नाही. मराठीतील अनेक जुनी संकेतस्थळे ड्रुपल या प्रणालीवर उभी राहिली, आणि ड्रुपल जाणणारा मित्र हाताशी असेल तर तोही मार्ग चांगला आहे. ज्या प्रणालीचा जाणकार रात्री अकरा वाजता फोन उचलेल ती निवडावी, असा माझा व्यवहारी सल्ला आहे.

पहिल्या वर्षाला दोन जीबी स्मृतीचा भाड्याचा सर्व्हर सहसा पुरतो. सदस्यनोंदणी ईमेलवरूनच ठेवावी. मोबाइलवर ओटीपी पाठवायचा म्हटले, तर भारतात ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार प्रेषकाची आणि संदेशाच्या साच्याची दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी या यंत्रणेत नोंदणी करावी लागते आणि प्रत्येक संदेशाला पैसे पडतात. ईमेल खरोखर आपल्याच पत्त्यावरून आले आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी पहिल्याच दिवशी कराव्यात. त्या राहिल्या, तर पुष्टीची पत्रे स्पॅममध्ये जाऊन पडतात आणि नव्या सदस्याला वाटते की नोंदणीच चालत नाही.

तिसरे पाऊल: पत्ता आणि देवनागरी

२०१४ पासून ‘.भारत’ हा देवनागरी पत्ता घेता येतो. तो जरूर घेऊन ठेवावा, पण मुख्य पत्ता रोमन लिपीत आणि ‘.इन’चा असावा. देवनागरी पत्ता अनेक ठिकाणी रोमन अक्षरांच्या एका अगम्य माळेत रूपांतरित होऊन दिसतो आणि वाचकाला तो फसवणुकीचा दुवा वाटतो.

हीच अडचण प्रत्येक दुव्याच्या पानालाही येते. पानाच्या पत्त्यात मराठी शीर्षक घातले, तर देवनागरीतील एकेका चिन्हाची रोमनमध्ये नऊ-नऊ अक्षरे होतात. ‘नाटक’ या शब्दात काना धरून चार चिन्हे आहेत, म्हणजे त्या एका शब्दाची छत्तीस अक्षरे झाली. पूर्ण शीर्षकाचा पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला तर अर्धा पडदा भरतो. म्हणून पत्त्यात केवळ क्रमांक ठेवावा आणि शीर्षक व चित्र ओपन ग्राफच्या, म्हणजे पानाची ओळख इतर ॲपना सांगणाऱ्या छुप्या खुणांमधून द्यावे. व्हॉट्सॲपवर दिसणारा छोटा चौकोन याच खुणांवरून बनतो, आणि मराठी वाचक बहुतांश त्या चौकोनावरूनच येणार आहेत.

शोधाच्या बाबतीत थोडी अधिक मेहनत घ्यावी लागते. ‘दुसऱ्या’ हा शब्द पडद्यावर एकसारखाच दिसतो, पण तो साठवण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत: एकीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते, तर दुसरीत साधा ‘र’, हलंत आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असते. ‘ॲप’मधील पहिले अक्षरही असेच कोणी एकसंध टंकते, तर कोणी ‘अ’वर चंद्र देऊन. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण या जोड्या एकत्र आणत नाही. त्यामुळे मजकूर साठवताना त्याचे एकच रूप करणारा लहानसा नियम स्वतः लिहावा लागतो, नाहीतर ‘ॲक्शन’ शोधणाऱ्याला निम्मेच दुवे सापडतात. सामान्यरूपाचा प्रश्नही आहेच. ‘नाटक’ शोधल्यावर ‘नाटकाच्या’ आणि ‘नाटकांमध्ये’ हेही सापडायला हवे, आणि शब्दाच्या सुरुवातीचा भाग जुळवून शोध घेतला तर बरेचसे काम भागते. ‘पडदा’ आणि ‘पडद्यावर’ यांसारख्या जोड्या तरीही निसटतात, त्यांसाठी खुणांची मदत घ्यावी. माहितीसाठा मायएसक्यूएलचा असेल तर अक्षरसंच ‘यूटीएफ८एमबी४’ हाच ठेवावा. जुन्या ‘यूटीएफ८’मध्ये देवनागरी मावते, पण एका इमोजीने अख्खा प्रतिसाद नाकारला जाऊ शकतो.

चौथे पाऊल: दुवा देण्याचा अर्ज

हा अर्ज जितका लहान, तितके दुवे अधिक येतात. पत्ता, शीर्षक, दोन खुणा आणि ‘हा दुवा का वाचावा’ यासाठी दोन ओळी, एवढेच विचारावे. शेवटची जागा सक्तीची करावी असे मी सुचवेन, कारण या दोन ओळींतून चर्चेला तोंड फुटते आणि नुसत्या जिलब्या पाडणाऱ्यांना, म्हणजे दुव्यांमागून दुवे टाकत सुटणाऱ्यांना आपोआप आळा बसतो.

एकच दुवा दोनदा येऊ नये यासाठी पत्ता साठवण्याआधी स्वच्छ करावा लागतो. यूट्यूबचा एक व्हिडिओ लांब पत्त्याने, छोट्या पत्त्याने आणि मोबाइलच्या पत्त्याने असा तीन रूपांत येतो आणि त्याला सामायिक करणाऱ्याचा मागोवा घेणारी शेपटीही चिकटलेली असते. व्हिडिओचा अकरा अक्षरांचा क्रमांक तेवढा काढून घ्यावा आणि बाकी सारे टाकून द्यावे. वृत्तपत्रांच्या दुव्यांतील फेसबुक व जाहिरातींच्या शेपट्या छाटाव्यात, आणि मूळ पानाने स्वतःचा अधिकृत पत्ता दिला असेल तर तोच ग्राह्य मानावा. दुवा आधीच आलेला असेल तर सदस्याला ‘नाकारले’ असा संदेश न देता थेट त्या जुन्या चर्चेवर नेऊन सोडावे.

शीर्षकाबाबत नियम सोपा असावा: देवनागरीत, सरळ आणि रहस्य न फोडणारे. ‘या अभिनेत्रीने जे केले ते पाहून थक्क व्हाल’ अशा मथळ्याच्या जागी अभिनेत्रीचे नाव आणि मुलाखतीचा विषय लिहावा, आणि तो बदलण्याचा अधिकार संपादकांना असावा. प्रतिसाद मात्र रोमन लिपीतील मराठीतही चालू द्यावेत. अनेकांना मोबाइलवर तेच सोयीचे पडते, आणि लिपीच्या आग्रहापायी त्यांना वाचनमात्र करून ठेवण्यात काही हशील नाही.

पाचवे पाऊल: क्रमवारीचे सूत्र

हॅकर न्यूज या तंत्रज्ञानविषयक दुव्यांच्या २००७ पासूनच्या संकेतस्थळाचे उघड झालेले सूत्र असे आहे: मिळालेल्या मतांतून एक वजा करावा आणि त्याला ‘तासांतील वय अधिक दोन’ या संख्येच्या १.८ व्या घाताने भागावे. मोठ्या वर्दळीसाठी हे ठीक आहे. लहान संकेतस्थळाने ते जसेच्या तसे उचलले तर पंचाईत होते. समजा, कालच्या चांगल्या लेखाला चोवीस तासांत ९ मते मिळाली आहेत, आणि तासाभरापूर्वी आलेल्या एका सुमार झलकेला २. या सूत्राने लेखाला ०.०२३ आणि झलकेला ०.१३८ गुण मिळतात. पुढच्या दोन तासांत कोणीही मत दिले नाही, तरी झलक ०.०५५ गुणांवर आणि लेख ०.०२० वर, म्हणजे झलक वरच. जे नवे ते वर, असा प्रकार होतो आणि मतांना अर्थच उरत नाही.

घात १.८ ऐवजी १ ठेवून पाहावे. सुरुवातीला झलक ०.३३३ आणि लेख ०.३०८, म्हणजे नव्याला थोडी संधी मिळते. दोन तास कोणी दाद दिली नाही, की झलक ०.२ वर घसरते आणि लेख ०.२८६ गुणांनी पुन्हा वर येतो. रोज आठ-दहाच दुवे येत असताना चांगला लेख दीड-दोन दिवस वर राहिलेलाच हवा, कारण आपले बरेचसे वाचक दिवसातून एकदाच येतात. वर्दळ वाढेल तसा हा घात हळूहळू वाढवावा. उणे मत देण्याची सोय मात्र पहिले काही महिने देऊ नये. पन्नास लोकांच्या गावात कोणी उणे मत दिले याचाच शोध लोक आधी घेऊ लागतात.

सहावे पाऊल: नियम आणि संपादक

नियमांची यादी एका पडद्यात मावेल एवढीच ठेवावी, आणि त्यात चार बाबी नक्की असाव्यात. कलाकृतीवर कितीही कठोर टीका चालेल, पण कलाकाराचे रूप, जात आणि कुटुंब यांवर शेरे चालणार नाहीत. रहस्य फोडणारा मजकूर झाकूनच लिहावा. चित्रपटाला शुक्रवारी सुरुवात होते, तर नाटकाचे प्रयोग वर्षानुवर्षे चालतात, त्यामुळे नाटकाच्या बाबतीत ‘आता सगळ्यांना माहीत आहे’ ही सबब कधीच मान्य करू नये. तिसरी बाब डुआयडींची, म्हणजे एकाच माणसाच्या दुसऱ्या छुप्या खात्यांची: एका माणसाचे एकच खाते. आणि चौथी स्वतःच्या जाहिरातीची.

ही चौथी बाब मराठीत विशेष नाजूक आहे, कारण आपल्या सदस्यांपैकी कोणी हौशी रंगकर्मी असेल, कोणी लघुपट करत असेल, कोणाची वाहिनी असेल. १९९९ पासून चालू असलेल्या मेटाफिल्टर या दुव्यांच्या इंग्रजी संकेतस्थळाने स्वतःच्या कामाचा दुवा मुख्य पानावर देण्याला सक्त मनाई केली आणि त्यासाठी वेगळी जागा ठेवली. आपणही दर सोमवारी ‘आमचे काम’ असा चर्चेचा एक धागा काढावा आणि स्वतःचे दुवे फक्त तिथेच देऊ द्यावेत. सदस्यांच्या दुव्यांना गूगलने २०१९ मध्ये आणलेली ‘यूजीसी’ (हा दुवा सदस्याने दिला आहे, असे शोधयंत्राला सांगणारी) ही खूण लावली, की शोधयंत्रात वर यावे म्हणून दुवे पेरणाऱ्यांचाही रस कमी होतो.

संपादक किमान तीन असावेत आणि त्यांपैकी एक जण अमेरिकेत राहणारा मिळाला तर उत्तम. शुक्रवारी रात्रीचा खेळ संपवून पुण्यातला प्रेक्षक साडेबाराला तावातावाने लिहू लागतो, तेव्हा न्यू जर्सीत दुपार असते. धागा उडवला तर का उडवला, हे एका ओळीत जाहीर लिहावे. मराठी संकेतस्थळांवरील संपादक मंडळांविरुद्धच्या तक्रारी मी जेवढ्या वाचल्या आहेत, त्यांत निर्णयापेक्षा निर्णयामागच्या मौनाचाच राग जास्त असतो.

सातवे पाऊल: कायदा

सदस्यांनी लिहिलेल्या मजकुरासाठी चालकाला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७९ चे संरक्षण मिळते, पण ते सशर्त आहे. २०२१ च्या मध्यस्थविषयक (म्हणजे इतरांचा मजकूर दाखवणाऱ्या स्थळांविषयीच्या) नियमांनुसार लहान संकेतस्थळालाही तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क प्रसिद्ध करावा लागतो. मूळ नियमांत तक्रारीची पोच चोवीस तासांत आणि निकाल पंधरा दिवसांत, अशी मुदत होती. या नियमांत दुरुस्त्या होत आल्या आहेत, म्हणून सुरुवातीच्या दिवशी लागू असलेला मजकूर वाचून त्याप्रमाणेच मुदती लिहाव्यात. तक्रारींसाठी वेगळा ईमेल ठेवावा आणि तो दोघांना दिसेल असे पाहावे.

या विषयात खरी जोखीम चोरट्या प्रतींच्या दुव्यांची आहे. नवा चित्रपट लागला, की शनिवारी सकाळी कोणीतरी टेलिग्रामचा दुवा ‘सहज’ म्हणून चिकटवतोच. चित्रपटांच्या चोरीसाठी २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्यात किमान तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे, आणि दंडाची कमाल मर्यादा निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. असा दुवा दिसताक्षणी काढावा, आणि टेलिग्राम व टोरंटचे पत्ते अर्जातच अडवून टाकावेत. वृत्तपत्रातील लेख पूर्ण उतरवून देणेही प्रताधिकाराचा भंग ठरू शकतो. दोन-तीन वाक्ये उद्धृत करावीत आणि वाचकाला मूळ पानावर पाठवावे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते. सदस्यत्व अठरा वर्षांपुढच्यांनाच द्यावे, आणि आयडी व ईमेल यांपलीकडे काहीही मागू नये.

आठवे पाऊल: पहिली माणसे आणि उद्घाटन

रेडिटच्या संस्थापकांनी सुरुवातीच्या दिवसांत वेगवेगळ्या खोट्या आयडींनी स्वतःच दुवे टाकून पान भरलेले ठेवले होते, हे त्यांनी पुढे उघड सांगितले आहे. मराठीत ही युक्ती करू नये. इथे लेखनशैलीवरून डुआयडी ओळखणारे मुरलेले वाचक आहेत. त्याऐवजी पंचवीस-तीस माणसे आधी गोळा करावीत. महाविद्यालयात पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेसाठी राबलेले माजी विद्यार्थी, हौशी नाट्यसंस्थांचे कार्यकर्ते, चित्रपट मंडळांचे सभासद, आणि मायबोली किंवा मिसळपाव या मराठी संकेतस्थळांवर वर्षानुवर्षे चित्रपटांविषयी आवडीने लिहिणारे, अशांना एकेकट्याने फोन करावा. सामूहिक आवाहनाला कोणी बधत नाही.

या मंडळींनी बंद दारांआड महिनाभर रोज एक दुवा आणि दोन प्रतिसाद द्यावेत, एवढेच मागणे ठेवावे. निम्म्यांनी पाळले तरी चारशेच्या घरात दुवे आणि त्यांवरची खरी चर्चा जमते, आणि दार उघडेल तेव्हा पाहुण्याला बसायला जागा दिसते. त्यानंतर दोन महिने निमंत्रणावरच प्रवेश ठेवावा. प्रत्येकाला पाच निमंत्रणे द्यावीत आणि लॉब्स्टर्सप्रमाणे कोणी कोणाला आणले ते सर्वांना दिसू द्यावे. आपण आणलेला माणूस धुडगूस घालू लागला, तर आणणाराच त्याला आवरतो.

मुहूर्तही विचारपूर्वक निवडावा. गणपतीचे दिवस नकोत, कारण लिहिणारी माणसे तेव्हा मांडवात असतात. दिवाळीनंतरचा पंधरवडा सोयीचा: दिवाळी अंकांतील मुलाखती आणि लेख नुकतेच आलेले असतात, आणि पुढे जानेवारी-फेब्रुवारीत पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव व मुंबईत प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्रीची सवाई एकांकिका स्पर्धा अशी खाद्याची रांग लागते.

पहिले वर्ष

रोजचे काम अर्ध्या तासाचे आहे, पण ते रोजच करावे लागते. सकाळी दोन दुवे स्वतः द्यावेत, नव्या सदस्याच्या पहिल्या प्रतिसादाला उत्तर द्यावे आणि अनुत्तरित धागे पाहावेत. दर रविवारी आठवड्यातील पाच उत्तम दुव्यांचे ईमेल पाठवावे; शांत बसलेले सदस्य याच पत्रामुळे परत येतात.

पहिल्या वर्षी जाहिराती घेऊ नयेत. विशेषतः चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी पैसे देणाऱ्यांना नम्रपणे नकार द्यावा, कारण एकदा परीक्षणांवर संशय बसला की तो धुऊन निघत नाही. खर्च तिघा-चौघांत वाटून घेता येण्याजोगा असतो आणि वर्षाअखेरीस हिशेब जाहीर करून वर्गणी मागितली तर लोक देतात.

मोठे बदल जपून करावेत. डिग हे २००४ मध्ये सुरू झालेले संकेतस्थळ एके काळी रेडिटपेक्षा कितीतरी मोठे होते. ऑगस्ट २०१० मध्ये त्यांनी सारी रचना एका फटक्यात बदलली, प्रकाशकांना झुकते माप दिले, आणि संतापलेले सदस्य रेडिटवर निघून गेले. आपण एखादे बटण हलवायचे असले, तरी आठवडाभर आधी धागा काढून सांगावे.

माहितीसाठ्याची प्रत रोज रात्री आपोआप दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जावी, आणि तिमाहीतून एकदा ती प्रत खरोखर उघडून पाहावी. पत्त्याचे नूतनीकरण एकाच माणसाच्या कार्डावर आणि एकाच्याच ईमेलवर ठेवू नये. एकाने नोकरी बदलली, दुसरा परदेशी गेला, तरी तिसऱ्याच्या हातात परवलीचे शब्द, सर्व्हरचे खाते आणि तक्रारींचा ईमेल असला पाहिजे. ही यादी कागदावर लिहून तिघांच्या घरी ठेवावी आणि परवलीचा शब्द बदलला की त्याच दिवशी तिन्ही कागदांवर दुरुस्ती करावी.